पॉवर स्टिअरिंगचे तेल आपोआप संपत नसते



आपल्या भागातून मुंबईला जाणारी गाडी बहुधा दोन कामांसाठी जाते. एक दवाखाना, म्हणजे परळ. आणि दुसरे नातेवाईक, म्हणजे लालबाग, दादर नाहीतर गिरगाव. एके काळी आपल्याकडच्या कितीतरी घरांतला एखादा माणूस गिरणीत होता. गिरण्या गेल्या, पण माणसे तिथेच राहिली, त्यामुळे येणे-जाणे सुटलेले नाही. फरक एवढाच, की पूर्वी आपण एस. टी. ने जात असू, आता पुष्कळांच्या दारात जीप आहे. आणि जीप आली म्हणजे तिची देखभालही आपल्याच गळ्यात आली.

या लेखात त्या देखभालीतील एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. ती म्हणजे पॉवर स्टिअरिंग आणि त्यातील तेल. इंजिन ऑइल आपण पाहतो, रेडिएटरचे पाणी पाहतो, टायरची हवा पाहतो. पण बॉनेटखालच्या त्या छोट्या डबीकडे कुणी पाहत नाही. वाहन विभागात नोकरी करणारा मीसुद्धा घरच्या गाडीची डबी पाहत नव्हतो. मागच्या एका पावसाळ्यात पाहायला शिकलो, त्याची ही हकीगत.

हिंदमाताजवळ काय झाले

चुलत्यांना तपासणीसाठी परळच्या दवाखान्यात न्यायचे होते. सकाळची वेळ मिळालेली, म्हणून मध्यरात्रीच निघालो. गाडी पुतण्या चालवीत होता. खंडाळ्याचा घाट उतरताना प्रत्येक वळणावर बॉनेटमधून 'हुंईऽ' असा आवाज येऊ लागला. पनवेलला थांबून पाहिले, तर डबीत तेल तळाला गेलेले. रस्त्यावरच्या दुकानातून एक बाटली घेतली, अर्धी ओतली. आवाज बंद झाला. पुतण्या म्हणाला, "झालं काम."

काम झाले नव्हते. मुंबईत शिरता शिरता आवाज परत सुरू. दादर टी. टी. ला उरलेली अर्धी बाटली ओतली. पुढे हिंदमाताजवळ पाणी साचलेले, गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली, आणि तिथे स्टिअरिंग असे काही जड झाले की दोन्ही हातांनी ओढूनही चाक वळेना. मागे बसची रांग, हॉर्नचा गलका, आणि मागच्या सीटवर सत्तरी ओलांडलेले चुलते, रक्त तपासायचे म्हणून रात्रीपासून उपाशी.

चुलत्यांना टॅक्सीत बसवून मी दवाखाना गाठला. वेळ चुकली नाही, हे नशीब म्हणायचे. पुतण्याने गाडी रेटत रेटत लालबागला आत्याच्या चाळीपाशी नेली. तिथे एकाने बॉनेट उघडून, आवाज ऐकून सांगून टाकले, "पंप गेला, नवीन टाकावा लागेल." आकडा ऐकून पुतण्याने मला फोन केला. तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांब रे, आमच्या शेजारच्या मिस्त्रींना आधी दाखव."

हे मिस्त्री मूळचे आपल्याच बाजूचे. उभे आयुष्य टॅक्सीच्या गॅरेजात गेलेले. त्यांनी पंपाला हात लावला नाही. आधी विचारले, "तेल टाकलंस किती?"

"एक बाटली."

"मग ते गेलं कुठं?"

पुतण्याला उत्तर देता येईना. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "इंजिनाचं तेल थोडं थोडं जळतं, बाबा. हे जळत नाही. हे फिरतं आन् जागेवर येतं. कमी झालं तर कुठून तरी बाहेर पडलंय. आधी वाट शोध, मग पंपाला बोल लाव."

सगळ्या लेखाचे सार या चार वाक्यांत आहे. आता ते नीट समजून घेऊ.

ही योजना आहे तरी काय?

मिस्त्रींनी ज्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींवर हात बसवला, त्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतेच. गाडीचे वजन हजार किलोच्या आत. ड्रायव्हरच्या दंडात जोर असला की भागत असे. वालचंदनगरचा साखर कारखाना उभा करणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आर. टी. ओ. कचेरीत २००३ च्या ऑक्टोबरात झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

पॉवर स्टिअरिंगची कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने १९२० नंतरच्या दशकात ती गाडीवर बसवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ती प्रथम १९५१ साली क्रायस्लर कंपनीने आणली. आपल्याकडे जड जीपगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्याबरोबर ती खेड्यापाड्यांत पोचली.

तिची रचना अशी. एक डबी, त्यात तेल. डबीतून एक नळी पंपाला जाते. पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि तेलावर दाब आणतो. हा दाब पूर्ण भरात दर चौरस सेंटीमीटरला ७० ते १०० किलोपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या तीस-चाळीस पट. हे दाबाचे तेल जाड नळीतून स्टिअरिंग बॉक्समध्ये जाते. आपण चाक थोडे फिरवले की आतला व्हॉल्व त्या बाजूची वाट मोकळी करतो आणि तेल दट्ट्याला ढकलते. शेतातला बांध जरा फोडला की पाणी त्या वाफ्यात वळते, तसेच हे. मग तेल परतीच्या नळीने पुन्हा डबीत येते. साध्या गाडीत सगळे मिळून लिटरभराच्या आसपास तेल असते, आणि तेच ते वर्षानुवर्षे फिरत राहते.

म्हणून डबीत तेल कमी दिसले की समजावे, गळती आहे. वरून तेल ओतणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडत राहणे.

आमच्या गाडीचा दोष काय निघाला

मिस्त्रींनी टोपण उघडले, तर तेलावर ताकासारखा फेस. ते म्हणाले, "हे वारा खातंय." तेलावर दाब आणता येतो, कारण ते दबत नाही. पण त्यात हवा मिसळली की तीच दबत राहते आणि ढकलण्याचा जोर निघून जातो. शिवाय पंपात हवेचे बुडबुडे फुटतात, त्याचाच तो 'हुंईऽ' आवाज.

मग त्यांनी बॉक्सकडे न जाता डबी ते पंप ही नळी वाकवून पाहिली. पंपाच्या तोंडाशी रबराला चीर गेली होती आणि क्लिप सैल होती. ही ओढीची नळी. तीत दाब नसतो, उलट पंप तेल शोषून घेतो. इंजिन चालू असताना या चिरेतून हवा आत जाई, तेलाला फेस येई, फेस टोपणातून उतू जाई, आणि गाडी उभी असताना थेंब थेंब गळे. टोपणाभोवती आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला शिंतोडे होतेच. आम्ही ते पावसाचे डाग समजलो होतो.

पुतण्या ऑपेरा हाऊसला गेला. तिथे मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. त्याने जुना तुकडा दाखवून तेलाला टिकणारी, त्याच मापाची नळी आणि दोन क्लिपा आणल्या. मिस्त्रींनी नळी बसवली, नवीन तेल भरले, हवा काढली. पंप जुनाच राहिला. आजही तोच चालू आहे. संध्याकाळी चुलत्यांना घेऊन निघालो तेव्हा पुतण्या एका हाताने गाडी वळवीत होता.

लक्षणांवरून दोष कसा ओळखावा

१. वळवताना 'हुंईऽ' असा आवाज, इंजिनाबरोबर वाढणारा: तेल कमी किंवा तेलात हवा. प्रथम डबी पाहावी.

२. वळवताना एकदम किंचाळल्यासारखा आवाज: पट्टा सैल, झिजलेला किंवा ओला. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ओला पट्टा घसरून स्टिअरिंग तात्पुरते जड होते आणि वाळल्यावर सुधारते. आम्हालाही हिंदमाताला आधी तसेच वाटले. पण पट्टा ओला झाला म्हणून तेलाला फेस येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

३. पूर्ण कट मारल्यावर बारीक 'स्सस' आवाज: हा दोष नव्हे. जादा दाब सोडणारा व्हॉल्व उघडल्याचा तो आवाज आहे.

४. एकाच बाजूला जड: बॉक्समधील व्हॉल्व किंवा सील. हे घरी उघडू नये.

५. हळू चालताना जड, इंजिन वाढवले की हलके: पट्टा किंवा पंप कमजोर.

६. आवाज नाही, तेल बरोबर आहे, तरी जड: आधी पुढच्या टायरची हवा तपासावी. मग जोड, ग्रीस आणि बॉल जॉइंट.

७. गाडी एका बाजूला ओढते: बहुधा टायर किंवा अलाइनमेंट. तेल ओतून काही उपयोग नाही.

तेलाचा रंगही बोलतो. पांढऱ्या फडक्यावर थेंब घ्यावा. स्वच्छ, आरपार दिसणारे तेल चांगले. काळपट, जळका वास येणारे तेल बदलावे. दुधाळ दिसले तर हवा किंवा पाणी. फडक्यावर धातूची चमक दिसली तर पंप किंवा बॉक्स आतून झिजतो आहे. तेव्हा मात्र मिस्त्रीकडे जाण्यास वेळ लावू नये.

गळती शोधण्याची रीत

गाडी सपाट जागेवर उभी करावी. नळ्या, पंप, बॉक्स फडक्याने पुसून कोरडे करावेत. तेलाने माखलेल्या इंजिनावर गळती सापडत नाही. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे. सापडले नाही तर एकाने इंजिन चालू ठेवून चाक सावकाश दोन्ही बाजूंना फिरवावे, दुसऱ्याने बॅटरी घेऊन पाहावे.

पाहण्याच्या जागा: डबीच्या तळाची क्लिप, ओढीची नळी, पंपाच्या दांड्याचे सील, जाड नळीची दोन्ही टोके, आणि बॉक्सचे वरचे व खालचे सील. रॅक असलेल्या गाडीत दोन्ही टोकांना घडीची रबरी पिशवी असते. ती दाबून पाहावी. आत तेल लागले तर रॅकचे सील गेले.

एक सूचना कधीही विसरू नये. इंजिन चालू असताना जाड नळीवरून हात फिरवून गळती चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली दाबाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येऊ शकते. पुठ्ठा पुढे धरून धार पाहावी. आणि तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर गळत असेल तर गाडी चालवूच नये; आग लागते.

तेल कोणते आणि कसे बदलावे

पुष्कळ गाड्यांना गिअरचे लाल पातळ तेल, ज्याला बाजारात ए. टी. एफ. म्हणतात, ते चालते. काहींना वेगळेच तेल लागते. टोपणावर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते, तेच घ्यावे. "सगळी तेलं सारखीच" असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. ब्रेक ऑइल तर मुळीच टाकू नये. त्याची जात वेगळी. त्याने सील फुगतात आणि मऊ पडतात, आणि मग बाटलीच्या पैशात सुटणारे काम बॉक्स बदलण्यावर जाते.

तेल बदलण्याची सोपी रीत अशी. डबीचे टोपण उघडण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसावी. स्वच्छ मोठ्या सिरिंजने डबीतले तेल ओढून घ्यावे, नवीन भरावे. दोन-चार दिवस गाडी चालवून पुन्हा तसेच करावे. तीन-चार वेळा केले की बहुतेक जुने तेल निघून जाते. जनावरांना औषध पाजण्याची पिचकारी मात्र यासाठी वापरू नये. वापरली तर ती पुन्हा गोठ्यात नेऊ नये.

पातळी पाहताना इंजिन बंद असावे. टोपणाच्या काडीवर गरम आणि थंड अशा दोन खुणा असतील तर गाडी ज्या स्थितीत असेल ती खूण पाहावी. वरच्या खुणेच्या वर भरू नये. तापल्यावर तेल फुगते.

नळी बदलली किंवा डबी रिकामी झाली, तर हवा काढावीच लागते. पुढची चाके जॅकने उचलून खाली भक्कम घोडे द्यावेत. नुसत्या जॅकवर विसंबू नये. इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे. डबीत तेल कमी होईल तसे भरत जावे. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा सावकाश फिरवावे. फेस दिसला तर इंजिन बंद करून काही वेळ थांबावे आणि पुन्हा करावे. घाई केली तर हवा तेलातच घुसळली जाते.

गिरगावची वाडी आणि कारखान्याचे यार्ड

गिरगावात एखाद्या वाडीत गाडी शिरली की बाहेर काढताना ड्रायव्हरचा घाम निघतो. समोर ओटा, मागे स्कूटर. मग गाडी जागेवर उभी ठेवून चाक पूर्ण कापायचे आणि तसेच धरून ठेवायचे, अशी सवय लागते. ऊस घेऊन आलेले आपले ड्रायव्हर यार्डात हेच करतात. पूर्ण कट मारून धरले की तेलाला पुढे जायला वाट राहत नाही, दाब शिगेला जातो आणि तेल झपाट्याने तापते. असे पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. टोकाला पोचल्यावर चाक किंचित मागे सोडावे. आणि शक्य तेथे गाडीची चाके थोडी फिरती ठेवूनच वळवावे. एवढ्याने पंप, नळ्या आणि टायर, तिन्हींचे आयुष्य वाढते.

दुसरी सवय त्याहून वाईट. डिझेल वाचावे म्हणून घाट उतरताना इंजिन बंद करणारे लोक अजून आहेत. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, म्हणजे स्टिअरिंग दगड. ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन दाबांत संपते. किल्ली मागे गेली तर काही गाड्यांचे स्टिअरिंग कुलूपबंद होते. वाचलेले डिझेल किती आणि खाली दरी किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

चालू गाडीत मदत अचानक बंद पडली तर घाबरू नये. मोटार आणि जीप यांत चाकाचा सांधा लोखंडी असतो, तो सुटलेला नसतो. फक्त जोर आपला लागतो. दोन्ही हातांनी घट्ट धरावे, वेग कमी करावा, बाजूला घ्यावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत मात्र चाक आणि पुढची चाके यांच्यामध्ये तेलाच्या नळ्यांशिवाय दुसरा दुवाच नसतो. अशा ट्रॅक्टरला दोन ट्रेलर ऊस जोडलेला असताना नळी फुटली तर काय होईल, ते सांगायला नको. ट्रॅक्टरच्या नळ्या हंगामापूर्वी बोटांनी वाकवून पाहाव्यात. चीर, फुगवटा किंवा ओल दिसली की बदलाव्यात. काही ट्रॅक्टरना स्टिअरिंगच्या तेलाची टाकी वेगळी असते, काहींत ते मागच्या हायड्रॉलिकच्या तेलाशी जोडलेले असते. तेव्हा पुस्तक पाहिल्याशिवाय तेल ओतू नये.

आणखी एक खुलासा. नव्या लहान मोटारींत हे काम बहुधा विजेची मोटर करते. तिथे तेल नाही, डबी नाही. स्टिअरिंग जड झाले आणि समोर दिवा लागला तर बॅटरी, फ्यूज आणि वायरिंग पाहावे लागते. अशा गाडीत कुणी "स्टिअरिंगचं तेल बदलतो" म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा.

शेवटी एवढेच

महिन्यातून एकदा, इंजिन ऑइल पाहताना, ही डबीही पाहावी. पातळी वहीत लिहून ठेवावी. दोन महिन्यांत खूण खाली आली तर बाटली आणण्याआधी स्वतःला मिस्त्रींचा प्रश्न विचारावा: "मग ते गेलं कुठं?"

चुलत्यांची तपासणी चांगली आली. पुढच्या वेळी परळला निघताना तेच म्हणाले, "अरे, ती डबी बघितली का?" आता आमच्या घरी गाडी बाहेर काढण्यापूर्वी हा प्रश्न ठरलेला आहे. सर्व सभासदांनी आपापल्या घरी तो ठरवून टाकावा, ही विनंती.

— वाहन विभागातील एक सेवक